सायकलवरून नर्मदा परिक्रमा कशी आखावी?

प्रश्न असा आहे: पुण्यातले तीन मित्र, तिघंही पन्नाशीच्या आसपास, आठवड्याला शंभर-सव्वाशे किलोमीटर सायकल चालवणारे. डिसेंबरात महिनाभराची रजा मिळते आहे. ओंकारेश्वरहून निघून सायकलवर नर्मदा परिक्रमा करायची आहे. एकूण ३,००० किमी धरून रोज १२० किमीप्रमाणे २५ दिवस बसवले आहेत. मार्ग, सामान, मुक्काम याबद्दल मार्गदर्शन हवं आहे.

सुरुवात त्या १२०च्या आकड्यापासून करतो, कारण बाकीची सगळी आखणी त्याच्यावरच टेकलेली आहे. एका दिवशी १२० किमी तुम्ही आरामात काढाल, दुसऱ्या दिवशीही काढाल. पण मागे दहा-बारा किलो सामान, खेड्यापाड्यातले रस्ते आणि हिवाळ्यातला आखूड दिवस एकत्र आले की ताशी वेग १४-१५च्या वर टिकत नाही. म्हणजे १२० किमीसाठी आठ तास नुसते पेडलवर. उजेड असतो साडेदहा-अकरा तास. उरलेल्या दोन-अडीच तासांत जेवण, पंक्चर, रस्ता विचारणं आणि संध्याकाळी आसन लावायची, म्हणजे रात्री अंथरूण टाकायची, जागा शोधणं हे सगळं बसवायचं. यात एकच गोष्ट बसत नाही, ती म्हणजे नर्मदा. पंचवीस दिवसांनी तुम्ही पुण्यात परत याल तेव्हा मध्य प्रदेश आणि गुजरातचे हमरस्ते पाहून आलेले असाल.

याचं कारण नकाशावर नीट दिसत नाही. अमरकंटकपासून खंभातच्या आखातापर्यंत नर्मदा १,३१२ किमी वाहते, पण तिच्या काठाने सलग जाणारा रस्ता कुठेच नाही. पायी परिक्रमावासी शेताच्या बांधावरून, नाल्यातून, पाऊलवाटेने काठ धरून चालू शकतो. सायकलला रस्ता लागतो, आणि रस्ता बहुतेक वेळा पाच-दहा किमी आत असतो. त्यात धरणं. जबलपूरजवळचं बरगी, पुनाशाचं इंदिरा सागर, ओंकारेश्वर आणि गुजरातेतलं सरदार सरोवर. इंदिरा सागरचा जलाशय सुमारे ९१३ चौ. किमी पसरतो. सरदार सरोवराचं पाणी मागे दोनशे किमीहून अधिक लांबीत थोपलेलं आहे, आणि सप्टेंबर २०१९मध्ये ते पहिल्यांदा १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीला गेलं तेव्हा जुन्या परिक्रमेचे कित्येक घाट आणि वाटा कायमच्या पाण्याखाली गेल्या. या जलाशयांना वळसा घालताना रस्ता नदीपासून तीस-चाळीस किमी दूर जातो. दोन-दोन, तीन-तीन दिवस मैया दिसत नाही.

म्हणून माझा आग्रह असा की आखणी घाटांवरून करा. सायकल जिथे पाण्यापर्यंत पोहोचते अशा जागा आधी नकाशावर ठिपक्यांनी मांडा, मग ठिपके जोडणारा रस्ता शोधा, आणि किलोमीटर सगळ्यात शेवटी मोजा. घाटावर जाऊन परत मुख्य रस्त्याला लागण्याचे फाटे धरून एकूण अंतर २,७०० ते ३,००० किमी होतं. दिवसाला ७०-७५ किमी आणि आठवड्यातून एक दिवस विश्रांती धरली की बेचाळीस ते पन्नास दिवस. पन्नाशीच्या माणसाला रोज ताजंतवानं उठता येईल आणि दुपारी तासभर घाटावर बसता येईल असा हा हिशेब आहे.

तुमच्याकडे एकच महिना आहे. तेव्हा खंड परिक्रमा करा. परिक्रमा टप्प्याटप्प्याने करायची रीत जुनी आहे, तिच्यात काही कमीपणा नाही. पहिला खंड ओंकारेश्वरहून दक्षिण तटाने समुद्रापर्यंत आणि उत्तर तटाने परत नेमावरपर्यंत. हे अकराशे-बाराशे किमी होतात, महिन्यात व्यवस्थित बसतात आणि दोन दिवस हातात राहतात. ते दोन दिवस समुद्राजवळ लागणार आहेत, त्याबद्दल पुढे. दुसरा खंड पुढच्या रजेत: नेमावर, जबलपूर, अमरकंटक आणि दक्षिण तटाने पुन्हा ओंकारेश्वर. पहिला खंड नेमावरला संपवून घरी येताना नर्मदा ओलांडावीच लागते, कारण आपण तिच्या दक्षिणेला राहतो. याबद्दलच्या प्रथा जागोजागी वेगळ्या आहेत. ओंकारेश्वरी संकल्प सोडतानाच घाटावरच्या पुरोहितांना खंडाचा बेत सांगा, ते तसाच संकल्प सांगतील. पुढचा खंड मात्र जिथे थांबलात त्याच घाटावरून सुरू करायचा.

नियम माहीत असतील, तरी सायकलस्वाराची जिथे चूक होते तेवढं सांगतो. नर्मदा कायम उजव्या हाताला ठेवायची आणि तिचा प्रवाह ओलांडायचा नाही. तवा, दूधी, शक्कर, हिरन, ओरसंग अशा उपनद्या ओलांडायला हरकत नाही. मोबाइलमधला नकाशा मात्र तुम्हाला सतत पुलावरून पलीकडे काढायला बघतो, कारण त्याला जवळचा रस्ता हवा असतो. खलघाटला आग्रा-मुंबई महामार्गाचा पूल आहे, हंडिया-नेमावरला आहे, बुधनीला आहे. दोन मुक्कामांमधला रस्ता घरीच एकदा बघून ठेवा आणि मधल्या गावांची नावं कागदावर लिहून घ्या. सातपुड्यात मोबाइलला रेंज नसते तेव्हा हाच कागद कामाला येतो. आणखी एक: ओंकारेश्वरचं मुख्य मंदिर बेटावर आहे. परिक्रमा चालू असताना तिथे जाता येत नाही, कारण पूल ओलांडला की प्रवाह ओलांडला. ममलेश्वराच्या बाजूने, गोमुख घाटावरून सुरुवात करा. बेटावर दर्शनाला जायचं ते परिक्रमा पुरी झाल्यावर, निघताना कुपीत भरून घेतलेलं नर्मदेचं जल अर्पण करायला.

आता हंगाम. परिक्रमा कार्तिकी एकादशीनंतर सुरू होते, चातुर्मासात थांबते. पश्चिमेकडच्या खंडासाठी डिसेंबर उत्तम आहे. निमाडातली आणि गुजरातेतली थंडी सोसण्यासारखी असते, रस्ते कोरडे असतात, वारा बहुधा मंद असतो. पूर्वेकडच्या खंडासाठी मात्र डिसेंबर-जानेवारी टाळा. अमरकंटक हजार मीटरच्या वर आहे, तिथे तेव्हा रात्री गोठवणाऱ्या असतात. नर्मदापुरम ते जबलपूर पट्ट्यात सकाळी दाट धुकं पडतं, नऊ-साडेनऊपर्यंत रस्त्यावर उतरू नये इतकं. तो खंड फेब्रुवारीत करा. माघ शुद्ध सप्तमीला नर्मदा जयंती असते. त्या दिवशी नर्मदापुरमचा सेठानी घाट किंवा जबलपूरचा ग्वारीघाट गाठता आला तर जरूर गाठा. तुम्ही तेव्हा उत्तर तटावर असाल तर ग्वारीघाटच, कारण सेठानी घाट दक्षिणेला आहे. मार्चच्या मध्यानंतर निमाडात ऊन चटका देऊ लागतं, त्याच्या आत ओंकारेश्वर गाठायचं.

उन्हाचाच दुसरा एक हिशेब आहे, तो फारसा कोणी सांगत नाही. दक्षिण तटावर तुम्ही पश्चिमेकडे चालवत असता. सकाळी सूर्य पाठीशी, दुपारनंतर डोळ्यांवर. तिथे पहाटे लवकर निघून दुपारी दोनपर्यंत दिवसाचं अंतर संपवणं सोपं जातं. उत्तर तटावर दिशा उलटते. सकाळी सूर्य समोर येतो, आणि तुमच्या मागून येणाऱ्या ट्रकवाल्याच्याही डोळ्यांवर येतो. त्याला तुम्ही दिसतच नाही. म्हणून उत्तर तटावर सूर्य वर येईपर्यंत मोठ्या रस्त्यावर जाऊ नका, मागचा लाल दिवा दिवसाही लुकलुकता ठेवा, आणि अंगावर पिवळं किंवा केशरी जाकीट हवंच. शिवाय अमरकंटक भरूचच्या पावणेनऊ अंश पूर्वेला आहे, म्हणजे तिथे सूर्य पस्तीस मिनिटं आधी मावळतो. समुद्राकाठी साडेपाचपर्यंत चालवायची सवय लागलेली असते, तीच डिंडोरीच्या रस्त्यावर अंधारात गाठते.

पश्चिम खंडाचा मार्ग. ओंकारेश्वरहून सनावद, तिथून बेडियाच्या बाजूने रावेरखेडी. थोरल्या बाजीराव पेशव्यांची समाधी इथे आहे. २८ एप्रिल १७४० रोजी त्यांचा मृत्यू इथेच नर्मदाकाठी झाला. मुख्य रस्ता सोडून आत जावं लागतं, म्हणून घाईतले लोक टाळतात. तुम्ही टाळू नका. पहिल्या दिवसाचा मुक्काम याच्याच आसपास ठेवला तर सायकलवरचं सामान नीट बसलं आहे का तेही कळतं. पुढे खरगोन, राजपूर, बडवानी. बडवानीजवळचा राजघाट सरदार सरोवराच्या पाण्यात गेला आहे. तिथे काठावर उभं राहिल्यावर धरणाने या खोऱ्याचं काय केलं ते आकड्यांपेक्षा लवकर समजतं.

बडवानीनंतर सातपुडा, शूलपाणीची झाडी. पायी जाणारे पाटी, बोकराटामार्गे डोंगरातून धडगावकडे उतरतात. सायकलला सरळ रस्ता पानसेमल, खेतिया, शहादा, प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा असा आहे. रस्ता चांगला, चढ सौम्य, गावं जवळजवळ. अडचण इतकीच की या दोन-तीन दिवसांत तुम्ही तापीच्या खोऱ्यात असता आणि नर्मदा डोंगरापलीकडे राहते. नर्मदेच्या वाटेवरचा महाराष्ट्राचा वाटा फक्त सीमेचा आहे: मध्य प्रदेशाबरोबर ३५ किमी आणि गुजरातबरोबर ३९ किमी. हे ७४ किमी अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांचे. मराठी माणसाने परिक्रमेला निघून आपल्याच राज्यातला हा भाग पायथ्याच्या रस्त्याने टाळून जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. पायांत ताकद असेल तर शहाद्याहून म्हसावदमार्गे धडगावला चढा, तिथून मोलगी, आणि देवगोई घाटाने खाली अक्कलकुव्याला उतरा. दोन दिवस जादा लागतात. चढ असे आहेत की काही ठिकाणी उतरून सायकल ढकलावी लागते. उतारावर ब्रेक तापतात, थांबत थांबत उतरा. मणिबेली याच भागात आहे, सरदार सरोवरात बुडालेलं महाराष्ट्रातलं पहिलं गाव. जुनं शूलपाणेश्वराचं मंदिरही तिथेच होतं. ते पाण्याखाली गेल्यावर नवं मंदिर गुजरातेत गोरा इथे बांधलं.

या झाडीत परिक्रमावासीयांना लुटलं जातं अशा जुन्या गोष्टी तुम्हाला बरेच जण सांगतील. आज तिथली परिस्थिती तशी नाही. पाड्यापाड्यांवर भिल्ल-पावरा घरं परिक्रमावासीयांना चहा पाजतात, पडवीत झोपायला जागा देतात, आणि त्यांच्या स्वतःच्या घरात काय असतं ते आत गेल्यावर दिसतं. एक मात्र हात जोडून सांगतो: वाटेत मुलांना चॉकलेट-गोळ्या वाटू नका. त्या सवयीमुळे सायकल दिसली की मुलं उतारावरून थेट रस्त्यावर धावत येतात. सायकल वेगात असते, आणि धडक झाली तर लागतं त्या मुलाला. वह्या-पेन्सिली द्यायच्या असतील तर शाळेत थांबून गुरुजींकडे द्या.

अक्कलकुव्याहून सागबारा, देडियापाडा, राजपिपळा, अंकलेश्वर. आणि आता परिक्रमेतला सगळ्यात अवघड भाग येतो, जिथे तुमची ताकद काहीच उपयोगाची नाही. अंकलेश्वरहून भरूच पुलावरून जेमतेम दहा-बारा किमी. पण परिक्रमेत पूल चालत नाही. हांसोटवरून समुद्राकडे विमलेश्वरपर्यंत जायचं, तिथून नावेने मुख ओलांडून उत्तरेला मिठी तलाईला उतरायचं, आणि दहेजवरून भरूचला यायचं. खंभातच्या आखातात भारतातली सगळ्यात मोठी भरती-ओहोटी होते. ओहोटीला किनाऱ्यापासून लांबवर नुसता चिखल उघडा पडतो, नाव पाण्याला लागतच नाही. त्यामुळे नाव सुटते ती भरतीच्या वेळेला, आणि भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. एखाद्या दिवशी नाव दुपारी सुटते, एखाद्या दिवशी मध्यरात्रीनंतर. वारा असेल तर सुटतच नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जोरात असतं, अष्टमीच्या सुमारास भांगाच्या दिवसांत भरती कमी चढते. यातला कुठला दिवस बरा हे नाववालेच सांगू शकतात.

म्हणून संपूर्ण खंडाची आखणी या एका दिवसापासून मागे मोजत करा. पंचांग घ्या, तिथी बघा, आणि अंकलेश्वरला पोहोचायची तारीख त्यानुसार ठरवा. वर दोन दिवस राखून ठेवा. मघाशी म्हटलेले हातातले दोन दिवस ते हेच. सायकल नावेत घेतात का, हे त्या दिवसाची गर्दी आणि नाव यांच्यावर ठरतं. आधीच्या मुक्कामी फोन करून विचारा. घेणार नसतील तर सायकली छोट्या टेम्पोत घालून भरूचच्या पुलावरून पलीकडे पाठवायच्या आणि आपण नावेने जायचं. गाडीने परिक्रमा करणारे हेच करतात. घेणार असतील तर पुढचं चाक काढून सायकल आडवी बांधा, चेन आणि गिअरवर जुना कपडा गुंडाळा, उतरल्यावर गोड्या पाण्याने धुऊन तेल द्या. खाऱ्या पाण्याचे शिंतोडे दोन दिवसांत चेन गंजवतात. प्रवास तीन-चार तासांचा, कधी जास्त. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय नावेत पाय ठेवू नका. नाव खच्चून भरली असेल तर पुढच्या भरतीपर्यंत थांबा, तेवढ्यासाठीच तर दिवस राखले आहेत.

मिठी तलाईनंतर दहेजचा औद्योगिक पट्टा लागतो. टँकरची वर्दळ प्रचंड. तो तुकडा रविवारी किंवा अगदी सकाळी उरका आणि भरूचला निळकंठेश्वराच्या घाटावर थांबा. तिथून गरुडेश्वरपर्यंतचा रस्ता या खंडातला सगळ्यात सुखाचा. सपाट, केळीच्या बागांमधून जाणारा, आणि नदी वारंवार भेटणारी. नारेश्वर हे रंगअवधूत महाराजांचं स्थान. पुढे मालसर, चांदोद, करनाळी. गरुडेश्वरला टेंबे स्वामींची समाधी आहे. १९१४मध्ये ते तिथे समाधिस्थ झाले. दत्तभक्त मराठी माणसं इथे कायम असतात, आणि कित्येक दिवसांनी कानावर मराठी पडतं. विश्रांतीचा दिवस इथे घ्या, कारण पुढे छोटा उदेपूर, अलिराजपूर, कुक्षी हा चढ-उताराचा भाग आहे आणि नदी पुन्हा जलाशयापलीकडे जाते.

कुक्षीनंतर धरमपुरी, मग महेश्वर. अहिल्याबाईंच्या घाटांबद्दल मी नव्याने काय सांगणार, पण मुक्काम करायचाच तर दोन रात्रींचा करा. तिथून मंडलेश्वर, बडवाह, आणि पुनाशाच्या जलाशयाला उत्तरेकडून वळसा घालून सतवासच्या बाजूने नेमावर. या शेवटच्या तुकड्यात जंगल आहे, वस्ती विरळ आहे, पाणी आणि खाणं बरोबर ठेवा. नेमावरचं सिद्धनाथ मंदिर आणि समोरचा प्रवाह हे नर्मदेचं नाभिस्थान मानतात, तेव्हा खंड थांबवायला जागा शोभते.

पूर्वेच्या खंडाबद्दल आत्ता थोडक्यात. नेमावर ते बुधनी आणि पुढे बरमान हा रेतीच्या डंपरचा रस्ता आहे, आणि नरसिंहपूर बाजूला ऊस तोडणीच्या दिवसांत मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या असतात. अंधारात या पट्ट्यात सायकल नको. जबलपूर ४१० मीटरवर, अमरकंटक सुमारे १,०५० मीटरवर, मधलं अंतर सव्वादोनशे-अडीचशे किमी. सरासरी काढली तर चढ नगण्य वाटतो. प्रत्यक्षात रस्ता सतत वर-खाली होतो आणि खरा घाट शेवटी येतो, म्हणून याचे चार दिवस करा. डिंडोरी-मंडला भागात बैगा आणि गोंड वस्ती आहे. आठवडी बाजारात कोदो-कुटकी ही भरड धान्यं मिळतात, त्यांचा भात पोटाला हलका आणि दिवसभर पुरणारा. परतीला दक्षिण तटावर बरगीच्या जलाशयामुळे घंसौर, लखनादौनकडून फिरावं लागतं, आणि हंडियानंतर इंदिरा सागरमुळे हरदा-खंडव्याच्या आतल्या रस्त्याने. मंडल्याच्या दक्षिणेला कान्हा आहे. संध्याकाळी पाचनंतर जंगलातल्या रस्त्यावर नसावं.

सायकल. कार्बनची हलकी रोड सायकल घेऊन जाऊ नका. स्टीलची किंवा अ‍ॅल्युमिनियमची हायब्रिड वा साधी एमटीबी चालेल, टायर ३५ ते ४० मिमी रुंद. पुढे तीन चकत्या असतील तर सोन्याहून पिवळं, कारण देवगोई आणि अमरकंटकच्या चढाला सगळ्यात लहान चकती आणि मागे ३२-३४ दात्यांची चकती लागतेच. ट्यूब मोटरसायकलसारख्या जाड व्हॉल्व्हच्या घ्या, म्हणजे कुठल्याही पंक्चरच्या दुकानात हवा भरता येते. बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर दोन अडॅप्टर खिशात ठेवा. ७००सी मापाचा टायर तालुक्याच्या गावातही मिळेल याची खात्री नाही, तिघांत मिळून एक घडीचा जादा टायर न्या. बाभळीचे काटे निमाडात आणि गुजरातेत भरपूर. काटा काढल्याशिवाय नवी ट्यूब घालू नका, टायरच्या आतून बोट फिरवून बघा. चेनची जोडकडी, सहा-सात आरे, ब्रेकचे दोन जोड, मागच्या डिरेलरचा हँगर, नायलॉनच्या पट्ट्या. शक्य असेल तर तिघांच्या सायकलींना एकच मापाची चाकं ठेवा, सुटे भाग निम्मे होतात.

सामान पाठीवर घेऊ नका, मागच्या कॅरिअरला दोन बाजूंना पिशव्या लावा, आणि वजन दहा किलोच्या आत आणायचा प्रयत्न करा. तंबू नको. परिक्रमेच्या वाटेवर छप्पर मिळतंच. पातळ स्लीपिंग बॅग आणि चटई पुरे. कपडे दोन जोड सायकलचे, एक जोड साधा पांढरा. आश्रमात चालवायच्या घट्ट चड्डीत फिरू नये. बसायच्या जागेची कातडी तिसऱ्या-चौथ्या दिवशी सोलवटते. त्यावर उपाय रोज धुतलेली चड्डी आणि पेट्रोलियम जेली. ओआरएस, खजूर, शेंगदाण्याचे लाडू, गूळ. रोख पैसे सुट्ट्या नोटांत, कारण झाडीत ऑनलाइन पैसे चालतीलच असं नाही. निघण्याआधी तिघांनीही हृदयाची तपासणी करून घ्या. वय पन्नास आहे, याला पर्याय नाही.

मुक्कामाचं बोलताना मला थोडं कळकळीने सांगायचं आहे. सूर्यास्ताच्या आधी आश्रमात पोहोचा, "नर्मदे हर" म्हणा आणि "आसन लग जाएगा क्या?" असं विचारा. सकाळी बालभोग, दुपारी-रात्री भोजनप्रसादी, कुठे शिजवलेलं अन्न तर कुठे सदाव्रत म्हणजे कोरडा शिधा. टिक्कड म्हणजे जाड रोटी आणि डाळ हे सगळीकडचं जेवण. बायका परिक्रमेत असल्या तर त्यांना माताराम म्हणतात आणि त्यांची झोपायची सोय बहुतेक ठिकाणी वेगळी करतात. हे सगळं फुकट मिळतं, पण ते मुळात चालणाऱ्यांसाठी आहे. चालणारा दिवसाला वीस-पंचवीस किमी येतो, त्याला पुढच्या आश्रमापर्यंत जायचं त्राण नसतं. तुम्ही अजून दहा किमी जाऊ शकता. म्हणून आश्रम भरला असेल तर जागा त्याला सोडा आणि गावातल्या धर्मशाळेत किंवा लॉजवर जा. पंगतीत आधी चालणाऱ्यांना बसू द्या. ताट स्वतः घासा. तीन फोन, तीन दिवे, दोन पॉवर बँक एकाच वेळी आश्रमाच्या एकुलत्या एका सॉकेटला लावू नका. आणि निघताना जेवढं खाल्लं त्याहून थोडं जास्त दानपेटीत टाका किंवा जवळच्या दुकानातून पीठ, तेल, डाळ आणून द्या. अनेक आश्रम एकट्या साधूच्या किंवा एखाद्या शेतकरी कुटुंबाच्या जिवावर चालतात. मोटारी आणि बसमधून येणाऱ्यांची गर्दी वाढली आहे, तिचा भार त्यांच्यावर पडतो. सायकलवाल्यांनी तरी तो वाढवू नये.

तयारीला अडीच-तीन महिने द्या. आठवड्याला सव्वाशे किमी चालवता ते बरं आहे, पण ते बहुधा रविवारी एकदम चालवत असाल. परिक्रमेला सलग दिवसांची सवय लागते. सलग तीन दिवस, पूर्ण सामान लावून, रोज ७० किमी अशी फेरी निघण्याआधी किमान दोनदा करा. वाईहून पसरणी घाटाने पाचगणीला सामानासकट चढून बघा. तिथे कोणाचा गुडघा बोलू लागला तर सीटची उंची तपासा. ती कमी असेल तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतं. तिघांतला सगळ्यात सावकाश चालवणारा पुढे राहील असं आत्ताच ठरवा.

जाण्यासाठी रेल्वेने खंडवा सोयीचं. सायकल पार्सल कार्यालयात एक दिवस आधी नोंदवा, किंवा दोन्ही चाकं काढून पिशवीत घालून बर्थखाली ठेवा. खंडव्याहून ओंकारेश्वर सुमारे ७० किमी, ते सायकलनेच जा. एक दिवस अंग मोकळं होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी संकल्प करता येतो. तुमची रजा १ डिसेंबरपासून असेल तर रावेरखेडी, बडवानी आणि सातपुडा धरून अंकलेश्वर साधारण १२-१३ तारखेला येतं. त्या आठवड्यातली तिथी पंचांगात बघा. उधाणाच्या ऐन दिवशी पडत असेल तर निघायची तारीख दोन-तीन दिवस पुढेमागे करा, आणि मगच रेल्वेचं आरक्षण करा.